असं रुग्ण सांगते

कास्त्रोहून लाँचने आलेला सरकारी वकील
ओले बूट दाराशी काढतो,
वही उघडतो, म्हणतो :
तिच्या ओठांबद्दल सांगा.

ओठांबद्दल काय सांगू?
एदुविना बार्रिया, वय एकसष्ट,
त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसली होती
शालीखाली हात, पायांशी कुत्रा.
मलाही होतंय म्हणाली, ओठ गेलेत माझे.
मी नाडी धरली. बहात्तर.
डोळ्यांत टॉर्च मारला,
बाहुल्या शहाण्यासारख्या आकसल्या.
मी लिहिलं : ओठ बधिर, असं रुग्ण सांगते.

पंचवीस वर्षं हे तीन शब्द लिहीत आलेय,
कुणाच्या पोटदुखीपुढे, कुणाच्या चकरेपुढे.
आजवर कुणी त्यांच्यावर बोट ठेवलं नव्हतं.

पडद्यामागे तिचा दीर लिसांद्रो
टक्क जागा राहून श्वास विसरत चालला होता.
शेजारच्या खाटेवर ओर्फेलिना
स्वतःची बोटं मोजत होती,
चौथ्याशी अडकायची, परत पहिल्यापासून.
तांबड्या पाण्यातल्या शिंपल्यांचं विष
शिजवून मरत नाही, लिंबू पिळून मरत नाही,
त्याला उतारा नाही.
सकाळपर्यंत कुणीतरी तुमच्या वतीने
श्वास घ्यायचा असतो, बस्स.
हवेची पिशवी एकच होती.
ती मी आधी कुणाच्या तोंडावर धरली, नंतर कुणाच्या,
ते कागदावर आहे. ते विचारू नका.

खाडीवर बंदीचा लाल फलक होता,
तो कुणीतरी उपटून सरपणात टाकला होता.
खड्डा तिनं खणला, दगड तिनं तापवले,
पानांखाली शिंपले, बटाटे, डुकराचं मांस.
नातू म्हणतो, आजीनं बटाटेच खाल्ले.
नातू सहा वर्षांचा. तो असंही म्हणतो
की कुत्रा रडत होता.
आणि खाडीची जमीन सामन-मासेवाल्या कंपनीला हवी,
तीन सह्या लागणार होत्या, आता एक पुरते.
सगळी सोंगं आणता येतात म्हणे, पैशाचं येत नाही.
आमच्या बेटावर पाल नाही,
तरी घराघरांत काहीतरी चुकचुकतंय.

लघवी तपासली असती तर कळलं असतं.
हो. बाटली कपाटात होती, झाकणासकट.
मी दोघांमध्ये धावत होते.
बाकावरची बाई सकाळी चालत घरी गेली
आणि उत्तर तिच्याबरोबर
कुठल्यातरी कुंपणापाशी जिरून गेलं.

वकील वही मिटतो. मग मी सांगते
ते, जे कागदावर नाही.

पहाटे चार वाजता
मी तिच्या हातात तुंबीतला येर्बा दिला.
पाणी नुकतंच उकळलेलं, नळी धातूची.
तिनं नळी ओठांत धरली आणि ओढत राहिली.
हूं नाही, चूं नाही, शेवटच्या गुरगुरीपर्यंत.
दुसऱ्या दिवशी प्रेतं उचलताना पाहिलं,
खालच्या ओठावर टपोरा फोड.

म्हणजे बधिरच होते, वकील म्हणतो.
किंवा मग, मी म्हणते,
बधिर ओठ कसे वागतात ते तिला पाठ होतं.
तो पेन काढतो. परत खिशात ठेवतो.

लाँच गेली. पाऊस आडवा झाला.
मी किटली ठेवली,
तसंच पाणी, तीच नळी,
आणि मोजायला लागले.
दोनच्या पुढे जाता आलं नाही.
सिंकवर ओणवी होऊन थंड पाणी मारत होते
तेव्हा आठवलं,

तुंबी परत देताना ती म्हणाली होती :
साखर जरा कमी पडली.